पाळकीणबाईंचे साहेब कुठे आहेत?

प्रिय रूथ आणि ईशान,

आजी हवापालटासाठी बुलढाण्याला राहते, असं तुमच्या बाबांनी तुम्हाला सांगितलं आहे. बुलढाणा घाटावर आहे आणि हवा छान आहे, एवढा भाग खरा. पण मी तिथे हवा खायला राहत नाही, शिकायला राहते. जन्मभर पुण्यात कॉलेजच्या मुलांना इंग्रजी शिकवलं, निवृत्त झाले, तुमचे आजोबा गेले, आणि सत्तरीला टेकता टेकता मी लुथरन सेमिनरीत प्रवेश घेतला. पाळक होण्यासाठी. पाळक म्हणजे तुमच्या कॅनडात ज्यांना पास्टर म्हणतात ते. बाबांना हे चारचौघांत सांगायला अवघड वाटतं. मला वाटत नाही. म्हणून मीच सांगते. तुमचं मराठी रविवारच्या शाळेत शिकलेलं आहे, तेव्हा सोपं आणि क्रमाने लिहिते.

आधी सेमिनरी. गावाबाहेर दगडी बैठी इमारत, मागे सीताफळाची झाडं, पुढे घंटा. विद्यार्थी बहुतेक पंचविशीतले पुरुष. बायबलच्या अभ्यासासाठी लागणारी ग्रीक क्रियापदं त्यांना माझ्या आधी पाठ होतात आणि निबंध मात्र माझ्याकडून तपासून घेतात, त्यामुळे आमचं बरं चाललं आहे. उपासना चालवताना घालायचा पांढरा झगा मला मिळाला तो एका उंच पुरुषासाठी शिवलेला होता. बायकांच्या मापाचा नाहीच, असं भांडारातून सांगण्यात आलं. मी तो उसवला, कापला आणि माझ्या मापाने पुन्हा शिवला. बटणं पुरुषांच्या बाजूलाच राहिली. राहू देत.

शेवटच्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याला गावांच्या दौऱ्यावर पाठवतात. घरोघरी प्रार्थना करायच्या, लोकांत राहायचं, आणि रविवारी एखाद्या मंडळीत व्यासपीठावरून उपदेश करून शेवटचा आशीर्वाद द्यायचा. (मंडळी म्हणजे चर्चमधले सगळे लोक.) हे झालं नाही तर अभ्यासक्रम पुरा होत नाही, आणि पुरा झाला नाही तर पाळकपदाची दीक्षा नाही. मी माझ्या दौऱ्यासाठी तीन गावं निवडली: घाटावर साखरखेर्डा, घाटाखाली वडनेर भोलजी, आणि उपदेशासाठी पार सातपुड्याच्या पायथ्याचं वरवट बकाल.

निघायच्या आदल्या दिवशी प्राचार्यांनी मला बोलावलं. सज्जन गृहस्थ आहेत. म्हणाले, "मॅडम, वरवटची मंडळी जुन्या वळणाची आहे. व्यासपीठाचा हट्ट धरू नका. महिला मंडळात बोला, मी ते उपदेश म्हणून धरून घेतो."

मी विचारलं, "मुलांनी महिला मंडळात बोललेलं धरून घेता का?"

मी खोलीवर जाऊन बॅग भरली.

साखरखेर्डा

माझ्याबरोबर रत्नमाला होती. ती माझ्याच वर्गात आहे, चाळिशीची, आधी अंगणवाडीत होती, इथलीच. तिला घरोघरी जाऊन शिकवणारी प्रचारिका व्हायचंय, पाळक नाही. "पाळक व्हाची डोकेदुखी तुम्हीच घ्या मॅडम," असं ती मला पहिल्या दिवसापासून सांगते. एसटीत तिने खिडकी मिळवली आणि मला दिली.

पुण्याहून येणाऱ्याला इथे पहिल्यांदा जाणवतं ते आभाळ. मध्ये काही येतच नाही. सोयाबीन निघून गेलेली काळी रानं, कडेने वाळत चाललेली तूर, आणि शेवटच्या वेच्याच्या कापसाचे पांढरे ठिपके. मला हे सगळं ओसाड वाटेल असं वाटलं होतं. तसं नाही वाटलं. आवरून ठेवलेलं वाटलं, आणि आवरलेली कुठलीही गोष्ट मला आवडते.

दानिएलभाऊंकडे उतरायचं होतं. त्यांचं किराणा दुकान आहे, मागे घर. अंगणात सतरंजी, समोर दोन खुर्च्या, एक मोठी हातांची आणि एक साधी. शेजारपाजारचे पंधरावीस लोक जमलेले. दानिएलभाऊ हात जोडून पुढे आले आणि त्यांनी मला साध्या खुर्चीवर बसवलं.

"या, या पाळकीणबाई. साहेब मागून येऊन राह्यले का?"

इथे थांबून तुम्हाला हा शब्द सांगायला हवा. मराठीत पाळकाच्या बायकोला पाळकीणबाई म्हणतात. चहा करणारी, पेटी वाजवणारी, महिला मंडळ चालवणारी ती पाळकीणबाई. स्वतः पाळक असलेल्या बाईला वेगळा शब्दच नाही. जागा आहे, पण तिच्यावर दुसरंच कुणी बसलं आहे.

"पाळक मीच," मी म्हटलं. "म्हणजे होणार आहे."

"हाव, हाव, ते समजलं. पण साहेब?"

"माझे यजमान वारले."

दानिएलभाऊंचा चेहरा उतरला. "अरेरे. मंग आता उपासना कोन घेनार?"

रत्नमाला तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली. मी साध्या खुर्चीवरून उठून हातांच्या खुर्चीत बसले.

नंतर सत्कार. ताटात शाल, नारळ आणि पांढरी टोपी. आपल्याकडे गावात पाहुणा पुरुष असला की त्याला टोपी घालतात, बाईला घालत नाहीत. शाल झाली, नारळ झाला. दानिएलभाऊंनी टोपी उचलली, माझ्याकडे पाहिलं, आपल्या बायकोकडे पाहिलं, आणि शेवटी ती जपून रिकाम्या खुर्चीवर ठेवली, जणू तिथे कुणी बसलंच आहे.

मी हात लांब करून ती घेतली आणि डोक्यावर घातली.

बायका फिस्सकन हसल्या. एक जण म्हणाली, "अव माय, बाई तं आमदारावानी दिसून राह्यल्या!" मला ते आवडलं. मी टोपी घालूनच प्रार्थनेला सुरुवात केली, आणि तिथेच घोटाळा झाला. आपल्या लोकांत प्रार्थनेला पुरुष डोकं उघडं करतात आणि बायका पदर घेतात, हे तुम्ही पुण्याच्या चर्चमध्ये पाहिलं आहे. मागून एका आजोबांचा आवाज आला, "बाई, टोपी काढा. प्रार्थना हाय."

त्यांच्या शेजारची म्हातारी लगेच म्हणाली, "काऊन काढाची? बाईमानसाचं डोकं झाकलेलं पाह्यजे."

"पदरानं झाकाव ना. टोपी मानसाची असते."

"टोपी ज्याच्या डोक्यावर त्याची. तुम्ही डोळे लावा."

डोळे मिटलेल्या माणसांचं ते भांडण माझी प्रार्थना संपेपर्यंत कुजबुजत चालू होतं. मी प्रार्थना थोडी लांबवली. टोपी काढली नाही.

जेवायला ओल्या तुरीच्या दाण्यांची भाजी होती, इथे तिला सोल्यांची भाजी म्हणतात, आणि कळण्याची भाकरी. कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं पीठ. पुण्यात आपण भाकरीबरोबर ठेचा चवीपुरता घेतो. इथे तो भाजीसारखा वाढतात. मी तो भाजीसारखा खाल्ला, कारण सगळे बघत होते. नंतर बराच वेळ मला बोलता येत नव्हतं आणि त्या वेळात दानिएलभाऊ मला पाळकीणबाईंनी कसं वागावं ते समजावून सांगत होते. तुम्हाला वाटेल आजीने ऐकून घेतलं. आजीच्या तोंडात गुळाचा खडा होता.

वडनेर भोलजी

बुलढाण्याहून राजूरचा घाट उतरलं की हवा बदलते. स्वेटर बॅगेत जातो. भाषाही बदलते. साखरखेर्ड्याकडे जालना जवळ, तिथे 'मला' आणि 'मले' दोन्ही ऐकू येतात. घाटाखाली सगळं 'मले', 'तुले', 'त्याले'. पुण्यात माझ्या मैत्रिणी ही भाषा ऐकून हसतात. त्यांना मी एक गोष्ट सांगणार आहे, ती आधी तुम्हाला सांगते. पुण्यात बाई 'मी येते, मी करते' म्हणते. इथल्या बायका 'मी येतो, मी करतो' म्हणतात. पुरुषासारख्या नव्हे, इथे 'मी'ला बाई-पुरुष असा भेदच नाही, बोलणारा तो बोलणारा. रत्नमाला दिवसभर "मी पाहतो मॅडम, मी विचारतो" करत असते. मी पहिले काही महिने ते मनातल्या मनात सुधारत होते. मग मला वाटलं, ज्या भाषेत हे क्रियापद आहे त्या भाषेत माझ्यासाठी शब्द नाही, हे काही मला पटत नाही.

वडनेरमध्ये आम्ही एका परिचारिकेकडे राहिलो. आपल्या मंडळीतलं गावात तेवढं एकच घर. संध्याकाळी अंगणात प्रार्थना झाली, तिला शेजारच्या सुजाताताईही येऊन बसल्या. त्या बौद्ध आहेत, नांदुऱ्याच्या कोर्टात वकिली करतात. प्रार्थनेत त्या शांत बसल्या, पण नंतर चहा घेताना त्यांनी मला सरळ विचारलं, "तुमाले लोक काय म्हनतात?"

"पाळकीणबाई. आणि मग साहेब कुठे म्हणून विचारतात."

त्या एवढ्या हसल्या की बशीत चहा सांडला. "मले वकिलीणबाई म्हनत. पक्षकार घरी येत, माह्या तोंडावर विचारत, 'वकीलसाहेब कधी भेटतीन?' माहा नवरा एसटीत कंडक्टर. तो सांगे, 'वकीलसाहेब सैपाक करून राह्यले, बसा.'"

"मग तुम्ही शब्द कसा बदललात?"

"नाई बदलला. काऊन बदलू? आता वकिलीणबाई म्हनलं की लोकाईले मीच आठवतो. डॉक्टरीणबाईचं तसंच झालं. इथल्या डॉक्टरीणबाईचा नवरा खताचं दुकान चालवते, त्याले कोनी डॉक्टर म्हनते का? शब्दात जाऊन बसाचं, मॅडम. अंग चोरून नाई. पाय पसरून."

ही बाई माझ्या वर्गात शिकवायला हवी होती.

त्याच वेळी रत्नमालाचा फोन वाजला. वरवट बकालचे मुख्य पंच, याकोबराव. पंच म्हणजे मंडळीचा कारभार बघणारे वडीलधारे. तिने "हाव दादा, हाव दादा" करत ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

"काय म्हणाले?"

"म्हन्ले, बाईले आमच्याकडे मान हाय. शनवारी महिला मंडळ घेऊ द्या. रविवारी उपदेश मी स्वतः वाचतो, छापील पुस्तकातून." तिने चहाचा कप उचलला. "आनखीन म्हन्ले, व्यासपीठाच्या पायरीवर आजपर्यंत बाई फकस्त झाडलोट कराले चढली."

सुजाताताई म्हणाल्या, "झाडू चालते तं."

थोड्या वेळाने तुमच्या बाबांचा फोन आला. माझं चुकलं, मी त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "आई, घे ना मग महिला मंडळ. काय बिघडलं? या वयात भांडायला गेली आहेस का?" तो माझा मुलगा आहे आणि त्याचं माझ्यावर प्रेम आहे, म्हणून हे लिहून ठेवते: प्रेमाने सांगितलेली चुकीची गोष्ट चुकीचीच असते. मी म्हटलं, रेंज जाते आहे. रेंज उत्तम होती.

वरवट बकाल

याकोबराव स्वतः जीप घेऊन स्टँडवर आले होते. साठीपुढचे, उंच, पांढरा सदरा, कडक इस्त्री. त्यांनी माझी बॅग माझ्या हातातून काढून घेतली, मला पुढच्या सीटवर बसवलं, उन्हाचा त्रास नको म्हणून काचेला टॉवेल लावला. या माणसाबद्दल वाईट लिहिणं सोपं नाही आणि मी लिहिणारही नाही. मी फक्त जे झालं ते लिहिते.

उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ, तिच्या अलीकडे सपाट काळी जमीन, मध्येच संत्र्याची बाग. पण या भागात विहिरीचं पाणी खारट. चहा खारट, आमटी खारट, अंघोळीनंतर अंगावर पांढरी साय. डाळ शिजता शिजत नाही. पिण्याचं पाणी जारमधून विकत येतं. मार्थाबाई, म्हणजे याकोबरावांच्या पत्नी, मला जारच्या पाण्याचा चहा देत होत्या. मी हट्टाने त्यांच्यातला घेतला. समुद्रात पडल्यावर नाकातोंडात पाणी जातं ना, तशी चव. त्या म्हणाल्या, "बाप्पा! घोटभर ठीक हाय. आदत लागते. मंग शेगावचा गोडा चहा अळणी लागते."

मार्थाबाई ठेंगण्या, गोल, आवाज घंटेसारखा. चर्चमध्ये गीत त्याच उचलतात. इथे पेटी नाही, वाजवणाऱ्या बाई नागपूरला लेकाकडे गेल्या. ढोलक आहे. मार्थाबाईंनी पहिली ओळ धरली की बाकीच्या बायका मागून धरतात, आणि पुरुष शेवटी येऊन मिळतात.

शनिवारी महिला मंडळ होतं. मी गेले, बसले, चहा घेतला, बायकांची ओळख करून घेतली. पण बोलले नाही. मला विचारलं तेव्हा म्हटलं, "मला जे सांगायचं आहे ते तुम्हालाही सांगायचं आहे आणि पुरुषांनाही. उद्या सांगेन." बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. रत्नमालाने माझ्याऐवजी बायबलमधली गोष्ट सांगितली, छान सांगितली.

रात्रीच्या जेवणाला याकोबरावांनी स्वतः वाढलं. भरीत, भाकरी, कांद्याची पात. पुण्यात यजमान पाहुण्याबरोबर बसतो. इथे तो पाहुण्याचं पोट भरल्याशिवाय बसत नाही. वाढता वाढता बोलत होते.

"मॅडम, राग मानू नका. इथी आपली घरं थोडी. बाकी गाव आपल्याकडे पाहून राह्यते. उद्या कोनी म्हनन, यायच्यात मानसं संपले काय, बाया उभ्या करून राह्यले. मले मंडळीची लाज राखा लागते."

"माझी लाज वाटते का तुम्हाला?"

"तुमची नाई. तुमी आमाले मायसारख्या. पण पाळकीण म्हंजे पाळकाची बायको. पाळकच नाई तं पाळकीण कशाची?"

मी म्हटलं, "तुमच्या गावात डॉक्टरीणबाई आहेत का?"

"हाव, सरकारी दवाखान्यात."

"त्यांचे यजमान डॉक्टर आहेत?"

याकोबरावांनी माझ्या ताटात आणखी भरीत घातलं. "डॉक्टरीण सुई टोचते, मॅडम. वेदीजवळ नाई उभी राहत."

सुजाताताईंचा मुद्दा असा वाया गेला. मला वाटलं होतं की एवढ्यावर काम होईल. व्याकरणाने कुणाचं मन वळलेलं मी आयुष्यात पाहिलेलं नाही, तरी मी दर वेळी आशा धरते.

ते पुढे म्हणाले, "पाहिजे तं असं करू. पायरीच्या खाली उभं राहून दोन शब्द बोला. वर मी उभा राहतो."

"नाही," मी म्हटलं. "मला व्यासपीठ द्या किंवा देऊ नका. पायरीखालचं मी घेणार नाही. देणार नसाल तर सेमिनरीत जाऊन सांगेन की वरवटच्या मंडळीने दिलं नाही. पण मी बोलले आणि ते झालं, असं खोटं सांगणार नाही."

"मंग तुमची दीक्षा राहन."

"राहील."

हे मी बोलले तेव्हा आवाज ठाम होता. पण तुम्हाला खरं सांगते, मनात हिशेब चालू होता. दोन वर्षं त्या ग्रीक क्रियापदांशी झगडून, शेवटी एका पायरीवर अडायचं, आणि पुढच्या वर्षी माझ्या वयाच्या बाईला परत संधी देतीलच असं नाही.

मार्थाबाई आतून भाकरी थापता थापता म्हणाल्या, "उद्या गीत कोन धरन?"

"तूच धरशीन ना. रोज धरते तशी," याकोबराव म्हणाले.

"हाव. मी धरतो." आणि भाकरी तव्यावर टाकल्याचा आवाज आला. मला त्यात काही वेगळं जाणवलं नाही.

रविवारी चर्च भरलं होतं. पांढरी चुन्याची खोली, पत्र्याचं छप्पर, समोर वेदी, डाव्या हाताला एक पायरी चढून लाकडी व्यासपीठ. सतरंजीवर उजवीकडे पुरुष, डावीकडे बायका. मी झगा घालून पहिल्या रांगेत बसले. रत्नमाला म्हणाली, "मॅडम, झगा काऊन घातला? तुमाले तं बोलू नाई देऊन राह्यले."

"मी तयार नव्हते असं कुणी म्हणू नये म्हणून."

याकोबराव व्यासपीठावर चढले. पापांची कबुली झाली, प्रार्थना झाली, शास्त्रवाचन झालं. मग ते म्हणाले, "उपदेशाआधी गीत गाऊ." ढोलकवाल्याने ठेका धरला.

कुणी गायलं नाही.

ठेका चालू होता. ढोलकवाला मार्थाबाईंकडे बघत होता. मार्थाबाई गीतांच्या पुस्तकाकडे बघत होत्या. याकोबरावांनी खाकरून पुन्हा सांगितलं. काही नाही. तेव्हा त्यांनी स्वतः सुरुवात केली. त्यांचा आवाज मोठा आहे, भाषणाला चांगला. पहिलीच ओळ त्यांनी इतकी वर धरली की दुसऱ्या ओळीला जागा उरली नाही. ते खाली आले. ढोलकवाला त्यांना शोधत मागे आला. पुरुषांतले दोघेतिघे ओठ हलवत होते, पण त्यांना सवय बायकांच्या मागून शिरायची. पुढे कुणी नसल्यावर कुठून शिरायचं ते त्यांना कळेना. पहिलं कडवं एकट्याने संपलं. दुसऱ्यात ते शब्द विसरले.

"मार्था," ते खालच्या आवाजात म्हणाले, पण खोली लहान आहे, "धर ना."

"घसा बसला."

"आन् बाकीच्यायचा?"

बायकांच्या बाजूने कुणीतरी म्हणालं, "पानी खारं हाय ना, दादा."

पुरुषांच्या बाजूला कुणी तरी हसलं. याकोबरावांनी तिकडे पाहिलं. "काय बे, हसाले काय झालं?" मग परत आपल्या बायकोकडे. मार्थाबाई उठल्या नाहीत, रागावल्या नाहीत. बसल्या जागेवरून म्हणाल्या, "तिकडे पायरीवर मी झाडतो, इथून गीत मी धरतो. देवाले दोन्ही पोचते. बाईचं बोलनंच तेवढं कसं पोचत नाई, ते सांगा. मंग मी धरतो."

मी हे आधी ठरवलेलं नव्हतं आणि मला ते माहीतही नव्हतं. रत्नमालाने माझा हात दाबला. मी उठले नाही. उठणं सोपं होतं. पण बोलावल्याशिवाय मी त्या पायरीवर चढणार नव्हते, आणि बोलावल्यावर खाली थांबणार नव्हते.

याकोबरावांनी छापील पुस्तक मिटलं. खाली उतरले. मला म्हणाले, "या, बाई. वर." आणि मंडळीत बसले नाहीत. मागे दारापर्यंत चालत गेले आणि चौकटीला पाठ लावून उभे राहिले.

मार्थाबाईंनी गीत उचललं. पत्रे वाजले.

मी वर गेले. माझा विषय बुलढाण्यातच ठरलेला होता: येशूने सांगितलेल्या गोष्टीतली, न्याय न देणाऱ्या न्यायाधीशाच्या दाराशी परत परत जाणारी विधवा. याकोबरावांना वाटलं असेल की मी रात्रीतून तो त्यांच्यासाठी बदलून आणला. मी बदलला नव्हता, आणि बदलणारही नव्हते. माझी भाषा त्यांना पुणेरी वाटली असेल. तीही मी बदलली नाही. मी सांगितलं की ही बाई दया मागत नाही, न्याय मागते, आणि येशू तिला हट्टी म्हणत नाही, प्रार्थना करणारी म्हणतो. कुणी झोपलं नाही. एक बाळ रडलं, त्याला बाहेर नेऊ लागले, मी म्हटलं राहू द्या.

मग शेवटचा आशीर्वाद. इथे एक नियम आहे. दीक्षा झालेला पाळक दोन्ही हात उंचावतो आणि 'देव तुम्हाला आशीर्वाद देवो' म्हणतो. आम्हा विद्यार्थ्यांना 'तुम्हाला' म्हणायचा अधिकार नाही. आम्ही हात जोडायचे आणि 'आपल्याला' म्हणायचं, म्हणजे स्वतःलाही त्यात धरून. वर्गात मला याचा राग यायचा. मला तो शब्द अर्धवट वाटायचा, उधारीचा.

सगळे उभे राहिले. पुरुषांनी माना खाली घातल्या, बायकांनी पदर पुढे ओढले. दारात याकोबराव उभे होते, मान ताठ, डोळे उघडे, माझ्याकडे बघत. मला कळलं, ते हा आशीर्वाद घेणार नव्हते.

मुलांनो, तुमच्या इंग्रजीत 'वी' एकच. मराठीत दोन आहेत. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण' म्हटलं की तो आत येतो, त्याची इच्छा असो की नसो. बाहेर राहायची त्याला सोयच नाही.

मी हात जोडले, त्यांच्याकडे बघितलं, आणि दाराच्या चौकटीपर्यंत पोचेल एवढ्या मोठ्याने म्हटलं, "आपल्याला."